एका पायाचा शॉकअप

आमच्याकडे नवी सायकल दिसली की माणूस आधी हँडल धरतो आणि खाली दाबून पाहतो. एकदा नाही, दोनदा. बाजारात टरबूज घेताना टिचकी मारून कान लावतात ना, तसं. सायकल खाली बसून वर आली की मान डोलते, "हौ, शॉकअप मस्त हाये." नाही बसली तर आवाजातला रसच जातो, "साधीच हाये मंग." ब्रेक लागतो का, चाक डुगडुगतं का, हे पाहायची पद्धत नाही.

सहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या दुकानात मीही तेच केलं. खरं तर मला करावंही लागलं नाही. दुकानदारानं सायकल पुढे काढली, मी काही विचारायच्या आत स्वतःच हँडल दाबलं आणि म्हणाला, "पाहा सर, कशी लोण्यावानी दबते." शेजारी सरळ चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय न दबणारी, साधी सायकल उभी होती, अडीच हजारांनी स्वस्त. तिचं हँडल दाबलं तर ती जागची हलली नाही. मला ती एकदम अडाणी वाटली. साडेनऊ हजार मोजले आणि लोण्यावानी दबणारी घरी आणली.

या शब्दाचीही गंमत आहे. शॉक ॲब्सॉर्बरचा आमच्या गॅरेजांनी कधी शॉकॉप्सर केला आणि कधी त्याचा शॉकअप झाला, कुणाला आठवत नाही. पण शॉक अप म्हणजे धक्का वर. माझ्या सायकलीचा चिमटा पुढे सहा वर्षं नेमकं तेच काम करत होता. खालचा धक्का इमानदारीनं वर पोचवत होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. राहतो दारव्ह्याच्या बाजूला, शाळा अकरा किलोमीटरवर. मोटारसायकल आहे, पण रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी पायडल मारायला सांगितलं. पहिले सात किलोमीटर डांबर, मग शकुंतलेचे रूळ ओलांडायचे, मग चार किलोमीटर पांधन, म्हणजे शेतांमधून जाणारी बैलबंडीची कच्ची वाट. शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज. गाडी बंद पडली, पण आमच्या फाट्यावर तिचे रूळ डांबरात रुतून आहेत. दोन रुळांमध्ये अंतर ७६२ मिलिमीटर, आणि माझ्या सायकलीच्या दोन चाकांमध्ये मीटरभरापेक्षा जास्त. म्हणजे पुढचं चाक दोन्ही रूळ ओलांडून जातं तेव्हा मागचं अजून पहिल्याच्या अलीकडे असतं. पुढून खट्-खट्, मग मागून धप्-धप्. मागचं धप् समजण्यासारखं आहे, तिथं मी बसलेलो असतो. पुढचं खट् कुठून येतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पांधनीचं काय सांगायचं! ज्यानं पाहिली त्याला सांगायला नको, ज्यानं पाहिली नाही त्याला पटायचं नाही. काळी माती. पावसाळ्यात ती चाकाला अशी धरते की दहा-वीस पावलांत टायर दिसेनासं होतं. चिमट्याच्या दोन पायांना जोडणारी कमान टायरच्या अगदी डोक्यावर असते, तिथं चिखल ठासून भरतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग उतरा, तुराटी शोधा, खरवडा. माझ्या कॅरिअरला जून ते सप्टेंबर एक तुराटी बांधलेलीच असते. मार्च-एप्रिलमध्ये तीच माती फाटते, भेगा पडतात, आणि पावसाळ्यात बंडीच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळून बसतात. पुढचं चाक एकदा चाकोरीत शिरलं की ती नेईल तिकडे जायचं. सभेत, सत्कारात 'चाकोरीबाहेर पडा' असं तरुणांना सांगणाऱ्या पाहुण्यांना मला एकदा मे महिन्यात आमच्या पांधनीत सायकलवर बसवायचं आहे.

अशा रस्त्यासाठीच तर शॉकअप. असं मला वाटत होतं. महिन्याभरात लक्षात आलं की याचा हिशेब वेगळा आहे. मुरमाचे बारीक खडे, ढेकळं, बैलांच्या खुरांचे वाळलेले ठसे, म्हणजे पांधनीत जे शंभरातलं नव्वद असतं, त्यावर हा चिमटा ढिम्म हलत नाही. सगळी थरथर तळहातात. आणि एखादा खरा खड्डा आला की एकदम मनावर घेतो, पूर्ण खाली बसतो, टक् करून तळाला लागतो आणि तितक्याच जोरानं हँडल वर फेकतो. मधलं काही त्याला येतच नाही.

आमच्या आजोबांच्या बंडीला शॉकअप नव्हता. कुटारानं भरलेलं पोतं, त्यावर गोधडी. लहानपणी मी त्यावर बसून यात्रेला गेलो आहे, आणि शपथेवर सांगतो, कुटाराचं पोतं बारीक खड्डेही खायचं.

पाठ दुखू लागली तेव्हा आधी दोष मी वयाला दिला. मग जरा मास्तरकी केली. सातवीच्या पोरांना मोजमापाचा धडा होता, म्हटलं चला. चिमट्याच्या वरच्या चकचकीत नळीवर, जिथं ती खालच्या जाड पायात शिरते तिथं, एक रबरबँड चढवला. नळी जेवढी आत जाईल तेवढा रबरबँड वर सरकतो आणि तिथंच राहतो. मग पट्टीनं मोजायचं. चिमट्याच्या कागदावर लिहिलेलं होतं ८० मिलिमीटर. साधा नियम असा की माणूस नुसता बसला की एकूण हालचालीच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकं खचायला हवं, म्हणजे आमच्या हिशेबानं १६ ते २० मिलिमीटर. त्यानं चाक खड्ड्यातही उतरू शकतं, नुसतं उंचवट्यावर चढत नाही.

पहिला बसला वर्गातला सर्वांत बारका, ३१ किलो. रबरबँड हललाच नाही. पोरगं म्हणे, "सर, मी दिसूनच नाही राहिलो का त्याले?" दुसरा ४४ किलोचा, दोन मिलिमीटर. मग मी, ७८ किलो, नऊ मिलिमीटर. मग त्याच अवस्थेत पांधनीच्या टोकापर्यंत जाऊन आलो, मुद्दाम एकही खड्डा चुकवला नाही. ४७. कागदावरचे ८० कुणालाच सापडले नाहीत. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना पोरांनी खूप विनवलं, पण त्या बसल्या नाहीत.

त्या चिमट्याच्या डोक्यावर एक प्लॅस्टिकची गुंडी असते, अधिक-उणे लिहिलेली. सगळ्यांना वाटतं ती फिरवली की शॉकअप कडक-नरम होतो. मलाही वाटायचं. त्यानं होतं इतकंच की आतली स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळे बसल्यावर खचणं कमी-जास्त होतं. स्प्रिंगचा मूळचा कडकपणा आहे तेवढाच राहतो. तीच स्प्रिंग ३१ किलोलाही आणि दुधाच्या कॅना लादलेल्या माणसालाही. महागड्या चिमट्यात स्प्रिंगच्या जागी हवा असते. छोट्या पंपानं प्रत्येकानं आपल्या वजनाप्रमाणे भरायची. त्या चिमट्याच्या पैशात माझी आख्खी सायकल येते, आणि वरून एखादं टायर.

दुधाच्या कॅनांवरून आठवलं. आमच्या गावात माझ्यासारखीच सायकल घेतलेले चार जण झाले होते, आणि प्रत्येकानं आपापला जुगाड काढला होता. दूधवाले मामा मागे दोन मोठ्या आणि हँडलला एक छोटी कॅन लावायचे. ब्रेक दाबला की पुढचं सगळं खाली, सोडला की वर. एकदा मला फाट्यावर थांबवून म्हणाले, "गुरुजी, लोण्यावानी दबते म्हून घेतली, आता घरोघरी जाईपर्यंत दुधाचंच लोणी होऊन राह्यलं." म्हणजे दुकानदारानं वाक्य सगळ्यांना एकच ऐकवलं होतं. मामांनी जुनी ट्यूब कापली, तिच्या पट्ट्या करून चकचकीत नळ्यांवर वरपासून खालपर्यंत घट्ट गुंडाळल्या. शॉकअप कायमचा बंद. त्यानंतर तक्रार नाही.

जिनिंगवर कामाला जाणारा एक जण होता, त्याच्या चिमट्याला हिवाळ्यात दाढी यायची. कापसाचा हंगाम, रस्त्यानं ट्रक सांडत जातात, जिनिंगच्या आवारात तर हवेतच रुई. त्यानं कुणाचं तरी ऐकून नळ्यांना वरून भरपूर ग्रीस लावलेलं. त्यावर रुई, रुईवर धूळ, आणि नळी खाली गेली की हा सगळा मलिदा रबरी सीलमधून आत. वर्षभरात सील फाटलं. शिवाय घरी सायकल ठेवायची जागा युरियाच्या पोत्यांशेजारी. खत लोखंड खातं, हे शेतकऱ्याच्या घरी कुणाला सांगावं लागत नाही, पण सायकल तिथंच ठेवतात, कारण ओसरीत दुसरी जागा नसते. नळीवरची चकाकी गेली, तांबूस ठिपके पडले आणि ठिपक्यांनी उरलंसुरलं सील कुरतडलं.

तिसरा कॉलेजचा पोरगा. त्याचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्याला पुढचं चाक उचलून चालवायचा नाद. या चिमट्यांत खालचे जाड पाय वरच्या नळ्यांना धरून ठेवतात ते तळाशी असलेल्या दोन बोल्टांनी. रोजच्या आदळआपटीनं ते सैल होतात, आणि तिथं कुणी बघत नाही, कारण ती जागा चाकाच्या आखाजवळ, चिखलाखाली झाकलेली असते. एक दिवस कालव्याच्या पाळीवर त्यानं चाक उचललं आणि सायकलीनं चाक उचललंच नाही. हँडल, वरच्या नळ्या आणि तो वर आले. चाक आणि खालचे पाय रस्त्यावरच राहिले. हनुवटीला सात टाके. मी त्या दिवसापासून दर रविवारी ते दोन बोल्ट एलन कीनं तपासतो आणि वर्गातल्या प्रत्येक सायकलवाल्याला तपासायला लावतो. हा लेख वाचून एवढं एक केलंत तरी पुरे.

चौथा मी.

या चौघांच्या मधून रोज सकाळी आठवी-नववीच्या पोरी जायच्या, सरकारच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या साध्या सायकलींवर. सरळ चिमटा, ना स्प्रिंग ना गुंडी. त्यांच्या सायकलींना पंक्चर व्हायचं, चेन पडायची, घंटी चोरीला जायची. चिमट्याचं दुखणं घेऊन एकही पोरगी कधी मेकॅनिककडे गेल्याचं मला आठवत नाही.

तरी मी ती सायकल घेऊन चिखलदऱ्याला गेलो. आम्ही चार मास्तर, डिसेंबरच्या सुट्टीत, परतवाड्यापर्यंत टेम्पोत सायकली टाकून आणि तिथून घाट पायडल मारत. सायकलीच्या नावातच माउंटन होतं, आणि आमच्या भागात डोंगर म्हटला की मेळघाट. चढावर उभं राहून पायडल मारलं की प्रत्येक पावलाला चिमटा खाली बसायचा. जी ताकद रस्त्याला द्यायची ती मी स्प्रिंगला देत होतो. विहिरीचं पाणी फुटक्या मोटेनं काढावं तसं. पोचलो शेवटी. वर कॉफी प्यायलो. भीमानं कीचकाला जिथून दरीत लोटलं म्हणतात तिथं उभे राहून फोटो काढले. आणि उतरताना खरी परीक्षा झाली. घाटाच्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला की सायकलीचं नाक खाली, नेमकं वळताना. आणि ब्रेक सोडला की हँडल असं उसळायचं की जणू मागून कुणी ढकललं.

आमच्यातल्या एकाकडे नागपुरात कुणाची तरी वापरलेली हवेच्या चिमट्याची सायकल होती. वरच्या एका कच्च्या रस्त्यावर त्यानं मला ती अर्धा तास दिली. पहिला दगड आला, मी सवयीनं दात आवळले. काही झालंच नाही. चाक वर गेलं, खाली आलं, आणि खाली येताना घाई केली नाही. ही 'घाई केली नाही' गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदा हाताला जाणवली. त्यानं चिमट्याच्या पायाशी एक लाल गुंडी दाखवली. "वर यायचा वेग याच्यावर ठरते. कासवापासून सशापर्यंत." माझ्याकडे फक्त ससा होता.

परत आल्यावर मी जिथं मिळेल तिथं वाचत सुटलो. सायकलवर डोंगर उतरायचा हा सगळा खटाटोप अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९७०च्या दशकात सुरू केला, आणि तोही जुन्यापान्या, जाड टायरच्या सायकलींवर. १९७६पासून ते जिथं शर्यत लावायचे त्या उताराचं नाव रिपॅक. का, तर पायडल उलटं फिरवून लागणारा मागचा ब्रेक उतरताना इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि खाली पोचल्यावर पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. हे वाचून मला ती माणसं एकदम आमच्या गावची वाटली. मोटोक्रॉसच्या मोटारसायकलींवर काम केलेल्या पॉल टर्नर नावाच्या मेकॅनिकनं मग सायकलसाठी चिमटा बनवला. रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१, साल १९८९. तो हलायचा किती? जेमतेम दोन इंच. म्हणजे माझ्या रबरबँडनं दाखवलेल्या ४७ मिलिमीटरच्या आसपासच. पुढच्याच वर्षी ड्युरँगोला झालेल्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डनं तो लावून डाउनहिल, म्हणजे उताराची शर्यत, जिंकली. तेवढ्याच दोन इंचांत एक जण विश्वविजेता झाला आणि एक जण मास्तर पाठीला बाम चोळत बसला. फरक हलण्यात नव्हता. त्या चिमट्यात हवा होती आणि तेलही होतं.

मग मी आमच्या मेकॅनिकभाऊंकडे गेलो. बसस्टँडच्या मागे पत्र्याची टपरी, बाहेर बाभळीला ट्यूबा लटकलेल्या. म्हटलं, "उघडून पाहू."

"काऊन? दबते तं."

"दबते, पण मले आत काय आहे ते पाहायचंय."

त्यांनी दोन्ही बोल्ट सोडले, चाक काढलं, खालचे पाय ओढले. आधी निघेनात. मग लाकडी ठोकळ्यानं दोन-तीनदा ठोकले तेव्हा कुरकुरत सुटले, आणि आतून काळा लगदा बाहेर आला. ग्रीस, काळी माती आणि रुई. सहा पावसाळ्यांचा काला. भाऊंनी तो बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला. "बंडीच्या आखाचं वंगण याच्याहून साफ असते, सर."

मग त्यांनी डाव्या नळीची गुंडी काढली आणि आतून स्प्रिंग ओढली. चांगली लांब, आत एक पिवळट रबराचा दांडा, कडक झालेला, नख लावलं तर भुगा पडत होता. मग उजवी. गुंडी काढली, बोट घातलं, तार घातली. नळी उलटी करून हातावर आपटली. थोडा गंज पडला. दिवाळीच्या नळ्यात दारू शिल्लक आहे का पाहावं तसं एक डोळा मिटून त्यांनी आरपार पाहिलं आणि नळी माझ्या हातात दिली. मीही डोळा लावला. पलीकडे बसस्टँड दिसत होतं.

"सर, हा पाय खाली हाये."

"म्हणजे? निघालं का काही?"

"निघालं नाही. कधी होतंच नाही. एका पायात स्प्रिंग, दुसरा निस्ता सोबतीले." आणि मग ते इतके हसले की शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून आली आणि आळीपाळीनं त्या नळीतून बसस्टँड पाहून गेली.

मला राग यायला हवा होता, आला नाही. दुकानदारानं खोटं काही सांगितलं नव्हतं. दबते म्हणाला, दबत होती. चिमट्यावर एक स्टिकरही होतं, डोळ्यांना ताण दिला तर वाचता येईल इतक्या बारीक अक्षरांत, की हा साध्या रस्त्यासाठी आहे, उड्या आणि खडतर वाटांसाठी नाही. साडेनऊ हजारांत फ्रेम, दोन चाकं, गिअर, ब्रेक आणि वर हलणारा चिमटा द्यायचा म्हणजे कुणीतरी कुठंतरी एक पाय रिकामा ठेवणारच. तसा एका पायात स्प्रिंग असणं हा गुन्हाही नाही, चांगल्या चिमट्यांतही हवा किंवा स्प्रिंग एकाच पायात असते. पण दुसऱ्या पायात तिला आवरणारं काहीतरी असतं. आणि आपल्याला दुकानात दाबून पाहायला दबणारं लागतं. आवरणारं दाबून कळत नाही.

भाऊंनी काटेवाल्याच्या दुकानात नेऊन चिमटा वजन केला, दोन किलो सहाशे ग्रॅम. त्यांच्याकडे एका जुन्या सायकलीचा लोखंडी सरळ चिमटा पडून होता, तो एक किलो शंभर. म्हणजे दीड किलो मी रोज बावीस किलोमीटर फिरवत होतो, त्यातला बराचसा बसस्टँड पाहायच्या कामाचा. "बसवू का हा?" म्हणाले. जुना चिमटा दबणाऱ्या चिमट्यापेक्षा उंचीला कमी, त्यामुळे सायकलीचं नाक जरा खाली आलं, आणि हँडल वर घेण्यासाठी दोन वॉशर जास्त घालावे लागले. मजुरीसकट साडेचारशे रुपये.

जाता जाता त्यांनी आणखी एक केलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. टायरमधली हवा कमी केली. मी कायम दगडासारखी भरून घ्यायचो, हवा जास्त म्हणजे सायकल हलकी असं डोक्यात. टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती ते छापलेलं असतं, त्यातल्या खालच्या आकड्याच्या जरा वर त्यांनी आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी पांधनीत शिरलो आणि मुरमाची ती थरथर निम्म्यानं गेलेली. सहा वर्षं शॉकअप टायरमध्ये होता आणि मी तो फुगवून कडक करत होतो. खड्डे मात्र आता पूर्वीसारखे आंधळेपणानं घेता येत नाहीत. पाहून, कोपर सैल सोडून, सीटवरून जरा उठून घ्यावे लागतात. रुळांवर अजूनही चार आवाज येतात, फक्त खट् गेलं, चारही धप्. ते खट् म्हणजे चाक मोकळं झाल्यावर नळी वर आपटण्याचा आवाज होता, कारण वर येताना तिला अडवणारं कुणी नव्हतं.

काढलेला शॉकअपचा चिमटा मी शाळेत नेला. विज्ञानाच्या कपाटावर ठेवला. पोरं येता-जाता दाबतात. सातवीतल्या त्याच ३१ किलोवाल्यानं, तो आता नववीत तालुक्याच्या शाळेत जातो पण संध्याकाळी आमच्या शाळेच्या आवारात असतोच, एक दिवस विचारलं, "सर, मंग त्या खाली पायात काय असाले पाह्यजे होतं?"

मी आरोग्य केंद्रातून सुई नसलेली मोठी सिरिंज मागून आणली होती, ती काढली. त्यात खायचं तेल भरलं. म्हटलं, हळू दाब. तेल बारीक धारेनं निघालं. म्हटलं, आता एकदम जोरात दाब. त्यानं दात-ओठ खाल्ले, अंगठा पांढरा पडला, दांडा त्याच्याच वेगानं सरकत राहिला. बारक्या भोकातून तेलाला घाई करता येत नाही. त्याला बँकेचं काचेचं दार आठवलं. सोडून दिलं की आपटत नाही, हळूहळू येऊन बंद होतं. "आमच्या घरचं दार आपटते अन् बँकेचं नाही आपटत, ते याच्यानंच का?" म्हटलं, याच्यानंच. त्याच्या वरच्या डब्यात स्प्रिंगही असते आणि तेलही. मग त्यानं विचारलं, मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये पण तेल असतं का? म्हटलं, असतं, दोन्ही पायांत. मी एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली घंटा व्हायच्या आत पोरगं फाटकाशी हजर. हाताला, शर्टाला काळं तेल. चेहऱ्यावर शोध लागल्याचं तेज. "सर, हाये! दोन्ही पायात हाये! खालून एक बारका स्क्रू हाये, तो काढला का निघते. मी मापून पाह्यलं, एका पायात दीडशे मिलीच्या वर भरलं."

त्याच्या मागोमाग पांधनीतून मोटारसायकलचा आवाज आला. त्याचे वडील. गाडी फाटकापाशी येईपर्यंत पुढचं चाक जागच्या जागी नाचत होतं. वर, खाली, वर, खाली, आणि प्रत्येक वेळी माझ्या ओळखीचं खट्. गाडी थांबली तरी हँडल दोनदा डुललं.

"गुरुजी," ते उतरत म्हणाले, "तुमी पोट्ट्यायले काय शिकवून राह्यले?"

तेलाचे पैसे मी दिले.